घरात कुणाचा गुडघा गेलाय का

वैराग, १४ जुलै २०२४

ती. आक्कास,
अक्षताचा सा. न. वि. वि.

हितं सगळी बरी हायेत. तुजी खुशाली कळीव. तू फोन करतीस खरी, पण आव्वा शेजारी कान लावून उभी असती, मग मला काय सुचत न्हाय, नुसतं हं हं हुतं. म्हणून डब्याच्या पिशवीत ही चिठ्ठी. भाकरीच्या फडक्याखाली ठेवलीय, तेल लागलं तर राग धरू नको. रिकाम्या डब्यातनं उत्तर धाड. बुधवारी न् रविवारी सोलापूरच्या एस्टीत डबा मीच देते न् परत आलेला मीच घेते, मधी कुणी उघडत न्हाय.

स्टँडपातूर चालत जाते. निघताना आव्वा दारात उभी राहून माज्या पायाकडं बघती, सरळ चाल म्हणती. कोपऱ्यापातूर मी सरळ चालते, मग लंगडते. काल बिरप्पामामाच्या सुनंनं विचारलं, पोरीनं शाळा का सोडली. आव्वा म्हणली, माज्या पोरीला अभ्यासाचा कंटाळा. मी तितंच पीठ मळत हुते. आठवीत माजा वर्गात दुसरा नंबर हुता, ते तुला तरी म्हाईत हाय. पण लंगड्या पोरीला स्थळ येत न्हाय, कंटाळा असलेल्या पोरीला येतंय. असा हिशोब हाय त्यांचा.

तुज्या कॉलेजात खो-खो सुरू झाला का? मैदान मऊ हाय का आपल्यावानी खडीचं? सगळं लिव. बघायला मिळंना, वाचायला तरी मिळू दे.

लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे, वाढला तर डब्यात घालून धाड.
तुजी अक्षता


सोलापूर, १७ जुलै २०२४

चि. अक्षतास,
अ. आ.

चिठ्ठीला शेंगाचटणी लागलीच होती. रूममधल्या पायलनं वास घेऊन विचारलं, कुणाचं एवढं तिखट पत्र आलंय.

खो-खोचं काय सांगू. यंदा कॉलेजनं नवीन मॅडम आणल्यात, महानंदा मॅडम. त्या खो-खो शिकवत नाहीत, नुसती ताकद वाढवून घेतात. खेळताना पोरी मोडू नयेत म्हणून म्हणे. सहा आठवडे खांबाला हात लावायचा नाही. बार खांद्यावर घेऊन बैठका, एका पायावर उभं राहायचं, लाकडी खोक्यावरनं खाली उडी मारायची आणि ती पण आवाज न करता. धप्प झालं की परत वर चढा. आम्ही खो-खो खेळायला आलोय का मार्केट यार्डात पोती उचलायला, असं मी म्हणाले आणि सगळ्या हसल्या. आमचे सर पण वैतागलेत, कारण ऑगस्टातच टीम निवडायची आहे.

मॅडम म्हणतात, उडीवरनं खाली येताना पोरींचे गुडघे आत वळतात आणि तिथंच आतली दोरी तुटते. मांड्या आणि कंबर मजबूत केली, नीट उतरायला शिकवलं, तर त्यातल्या निम्म्या पोरी वाचतात. सगळ्या वाचतील असं त्या म्हणत नाहीत. मला तुझी आठवण आली बरं का. पण मी काही बोलले नाही.

पुढच्या वेळी कडक भाकरी जास्त घाल. पायल निम्म्या खाते.
तुझी आक्का, भुवनेश्वरी


वैराग, २८ जुलै २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. चार बारीला वाचली. निम्म्या वाचतात, असं लिवलंस तू. मी कुटल्या निम्म्यातली झाले असते, ते मॅडमना विचारता आलं तर विचार.

तुला नातेपुत्याची मॅच आठवती का? तू दहावीच्या क्लासमुळं आली नव्हतीस. मी खांबाला सूर मारून वळले न् गुडघ्यात कट् आवाज आला. बाहेर बसलेल्या पोरींनासुदा ऐकू गेला. सरांनी पाणी मारलं, रुमाल बांधला न् दुसऱ्या डावाला परत उभं केलं. एक पोरगी कमी पडत हुती. मला न्हाय म्हणता येत न्हाय, ते त्यांना म्हाईत हुतं. आपण जिकलो. ढाल शाळेत हाय. मग आप्पा हाडवैद्य गुरुसिद्धप्पाकडं घेऊन गेले, त्यानं पाय ओढून पट्टी बांधली, तीन महिने खाटंवर. तवर नववी निघून गेली.

आमच्या सरांनी मॅचआधी काय करून घेतलं सांगू? मैदानाला दहा फेऱ्या. उशिरा आलं तर वीस. उतरायचं कसं, हे कुणी एक दिवस सांगितलं न्हाय. मला वाटायचं माजंच हाड कच्चं. तीन वर्सं मला तसंच वाटतंय.

मॅडम काय काय करून घेत्यात ते एक-एक लिव. पाय कुटं, हात कुटं, किती बारीला. चेष्टा करू नको. मला पायजे.

तुजी अक्षता


सोलापूर, ४ ऑगस्ट २०२४

चि. अक्षतास,
अ. आ.

अगं एवढं मनाला लावून घेऊ नको. मागच्या पानावर सगळं लिहिलंय, चित्रं पण काढलीत. माणसं काडीची आलीत, हसू नको. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत पाहिजे, आत वळायला नको, एवढं ध्यानात ठेव. शेवटचा प्रकार अवघड आहे. गुडघे टेकून बसायचं, मागनं कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि लाकडासारखं ताठ पुढं पडत जायचं. मांडीच्या मागच्या बाजूला असं ओढतं की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. उडीचा प्रकार सगळ्यात शेवटी, गुडघा दुखला तर करू नको.

एक सांगायचं राहिलं. मॅडमनी फॉर्म भरून घेतला. त्यात एक प्रश्न होता, घरात कुणाचा गुडघा गेलाय का, आई, बहीण. ज्यांनी होय लिहिलं त्यांचा वेगळा गट केला. बहिणीचा गेला असला तर आपला जायची भीती जास्त असते म्हणे. त्या गटाला रोज अर्धा तास जादा, आणि सप्टेंबर संपेपर्यंत सूर मारायचा नाही. म्हणजे निवडीतनं बाहेरच की.

मी तिथं 'नाही' असं लिहिलं. आव्वानंच सांगितलंय तसं. कॉलेजात आपल्याकडच्या दोन पोरी आहेत, गोष्ट घरी पोचायला वेळ लागत नाही. तुझ्याच भल्यासाठी. वाईट वाटून घेऊ नको.

तुझी आक्का


वैराग, ११ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

चित्रं भिंतीला लावली असती, पण आव्वा बघंल, म्हणून पिठाच्या डब्यामागं ठेवलीत. दुपारी आव्वा दुकानात आप्पांचा डबा घेऊन गेली की मी न् गोजरबाई सुरू करतो. गोजरबाई म्हणजे आता भाकऱ्या थापायला येती ती, गल्लीतली. ती माज्या घोट्यांवर सगळं वजन टाकून बसती, तोंडात मिसरी, न् मोजती. सातानंतर तिला मोजायचा कंटाळा येतोय, मग परत पाचापासनं सुरू करती. म्हणली, माज्या बाळंतपणात मला कुणी एवढं दाबून धरलं न्हाय. पयल्या दिशी मी तोंडावर पडले, नाकाला पीठ. पण काल चुलीपुढनं हात न टेकता उठले. तीन वर्सात पयल्यांदा.

आता फॉर्मचं. आक्का, तू माज्या जागी 'न्हाय' लिवलंस. आव्वा लोकांपुढं लपवती ते मी गिळलं. लोकांना काय करायचंय माज्या गुडघ्याचं. पण ह्या मॅडमला करायचं हुतं. तिनं कामासाठी विचारलं. माज्या गुडघ्याचा आजपातूर कुणाला काय उपेग झाला न्हाय, एक ढाल सोडली तर. तुला तरी व्हायचा हुता.

फॉर्म बदल. माज्यासाठी नको, तुज्यासाठी. निवड एक साल गेली तर पुढच्या सालाला व्हईल. तू जादाचा अर्धा तास कर. मी हितं करते, तू तितं कर. मी पाया पडते.

तुजी अक्षता


सोलापूर, २१ ऑगस्ट २०२४

चि. अक्षतास,
अ. आ.

निवड झाली. पहिल्या नऊत आहे. सर म्हणाले, खांबावर माझ्यासारखी कुणी वळत नाही. आप्पांना फोनवर सांगितलं, पेढे तुला मिळाले असतील.

आता फॉर्मचं काढू नकोस. साधा व्यायाम मी करतेच, सगळ्यांच्याबरोबर. तुझा गेला म्हणून माझा जाईल असं कुठं लिहिलंय? आणि खरं सांगू, तू वाकडं बोलायला लागलीस. खेळणं बंद झालं म्हणून दुसऱ्याचं पण बंद व्हावं, असं वाटू देऊ नये माणसानं. डबा नेहमीसारखा धाड, पत्र नसलं तरी चालेल.

आक्का


सोलापूर, ६ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षतास,
अ. आ.

आप्पा दवाखान्यातनं कपडे न्यायला घरी येतील, त्यांच्या पिशवीतनं हे देते आहे. तुला कळलंच असेल. बार्शीची मॅच, तिसरा डाव, खांब. तुझाच पाय, डावा. आवाज पण तोच असेल बहुतेक. मशीनमध्ये घालून फोटो काढला, आतली दोरी पूर्ण तुटली आहे. ऑपरेशन करायचं आणि मग नऊ महिने.

मॅडम दोनदा येऊन गेल्या. त्यांना कळत नाही, कुठं चुकलं. माझ्या मांडीची ताकद चांगली होती, म्हणतात. वही काढून पानं उलटत बसतात आणि स्वतःलाच बोल लावतात. माझ्याच्यानं तोंड उघडवत नाही. आव्वा शेजारी असते. ती येईल त्याला सांगते, पोरगी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये घसरली.

तू काही लिहिशील तर लिही. नाही लिहिलंस तरी मला कळेल.
आक्का


वैराग, ९ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

डबा धाडलाय. भाकरी दुधात कुस्करून खा, गोळ्यांनी तोंड कडू झालं असंल.

आव्वा सोमवारी कपडे बदलायला घरी आली तवा मी तिला विचारलं, आक्काला फॉर्ममधी 'न्हाय' लिवायला का सांगितलंस. ती म्हणली, कसला फॉर्म. मी परत विचारलं. तिला खरंच म्हाईत न्हाय. तू तिला कदीच विचारलं नव्हतंस. विचारलं असतं तर तिनं न्हायच लिवायला लावलं असतं, ते मला कळतंय. पण तू विचारलं न्हाईस, न् माज्या भल्याचं नाव घातलंस.

वाकडं बोलते म्हणाली हुतीस. मग आता सरळच लिवते. ऑगस्टात मी मॅडमच्या नावानं एक चिठ्ठी लिवली हुती. तुज्या डब्यात दोन बारीला घातली न् दोन्ही बारीला स्टँडवर काढून घेतली. वाटलं, आक्का रागवंल, आव्वा मारंल, मॅडम म्हणंल ही कोण. माजं धाडस झालं न्हाय. तवा तुज्या गुडघ्यात माजा पण वाटा हाय. तो मी तुज्यावर टाकणार न्हाय.

काल मंगळवारी मी सोलापूरला आले हुते. तुला भेटायला न्हाय. गोजरबाईला भाकऱ्या बघायला सांगितलं न् दहाच्या एस्टीत बसले. रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव दोन बारीला सांगावं लागलं. मैदानाच्या कडंला पोरी खोक्यावरनं उड्या मारत हुत्या. मी भिंतीला चिकटून तासभर उभी. शेवटी मॅडमच आल्या, कुणाला भेटायचंय विचारलं. मी चिठ्ठी पुढं केली, तर त्यांनी घ्यायच्या आधीच ती खाली पडली. मग मला बोलावंच लागलं. मी म्हणाले, "भुवनेश्वरीच्या फॉर्ममधी बहिणीपुढं 'न्हाय' लिवलंय की, ती मी."

त्यांनी वही उघडली न् मिटली. तुज्यावर चिडल्या न्हाईत, त्याचंच मला वाईट वाटलं. मला खोक्याजवळ नेलं, उतरून दाखव म्हणल्या. मी उतरले. आवाज झाला न्हाय, गुडघा आत वळला न्हाय. कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी म्हणाले, आक्कानं, चिठ्ठीतनं.

काकांची सृष्टी पुढच्या जूनला त्याच कॉलेजात येणार हाय, तिला पण खो-खोचं येड हाय. मॅडमनी कोरा फॉर्म दिला, घरी न्या म्हणल्या. तिचं बाकीचं ती भरंल. तो एक प्रश्न मी आत्ताच पेनानं भरून ठेवलाय. व्हय, दोघींचा. खाली आपली नावं, गाव, न् कुटला पाय. आज सकाळी आव्वा परत घरी आली हुती, तिनं मला तो भरताना बघितलं. तव्यावरची भाकरी उलटायला विसरली, एवढंच.

घरी येशील तवा चित्रं पिठाच्या डब्यामागंच हायेत. तुजीच हायेत. घोटे मी धरीन. लोभाचं आत्ता काय सांगू नको, ते नऊ महिन्यांनी बघू.

तुजी बहीण,
अक्षता