एका बोटाचं बोलणं

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बेटावरच्या हवामान केंद्रात फोन लागत नाही, म्हणून पत्र. ह्यांचा आवाज गेला तेव्हा तू जुना कॉम्प्युटर जोडून दिलास. आता हातही गेले, एकच बोट हलतं. त्याने बटण दाबून ते अक्षरं निवडायचे नि कॉम्प्युटर बोलायचा. माझ्या दिरांनी हौसेने त्यात नवी सिस्टिम घातली. तेव्हापासून काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकते, पुढे ढिम्म नाही. ते बटण दुसऱ्या कॉम्प्युटरला बसत नाही.

डॉक्टर विचारताहेत, श्वास कमी पडला की गळ्याला भोक पाडून यंत्र लावायचं का. दीर म्हणतात, लावाच. ह्यांच्या पापण्याही आता ताब्यात नाहीत. मिटल्या तर हो समजू की झोप?

काहीतरी सुचव. स्वतःला जप.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र कालच्या लाँचने आलं. दिरांवर चिडू नकोस. नवी सिस्टिम प्रोसेसरला अशा आज्ञा देते, ज्या त्या म्हाताऱ्याला कुणी शिकवल्याच नाहीत. मग तो जागीच थिजतो.

कॉम्प्युटर चालू करताच डिलीट दाबत राहा. सेटिंगचा निळा पडदा येईल. तिथे प्रोसेसरच्या पानावर सुरक्षेची सोय बंद असेल, तर चालू कर. तरीही अडला, तर माझ्या कपाटातली जुन्या सिस्टिमची सीडी घाल. डिस्कचा फक्त पहिला भाग पूस, तिथे जुनी सिस्टिम परत चढेल. दुसऱ्या भागात भावोजींचा अक्षरांचा प्रोग्राम आहे, त्याला हात लावलास तर याद राख! मिक्सरचं झाकण लावायला मला हाका मारणारी तू, पण हे तुला जमेल.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर रागावत राहा, म्हणजे बरं वाटतं.
तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

निळ्या पडद्याने काही झालं नाही. सीडीने झालं. दुसऱ्या भागाला हात लावला नाही.

ह्यांच्या बोटाखाली बटण ठेवलं. फार वेळ लागला. पाणी मागतील असं वाटलं. कॉम्प्युटर त्या पत्र्यासारख्या आवाजात म्हणाला, यंत्र नको. मी ऐकलंच नाही असं दाखवून उशी सारखी करत बसले. त्यांनी पुन्हा तेच जुळवलं. मग डॉक्टरांना आणि दिरांना बोलावलं. त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा. दीर भिंतीकडे तोंड करून रडले. सगळे गेल्यावर ह्यांनी आणखी एक वाक्य जुळवलं, की मी दमले आहे, आता मी जवळ नुसतं बसावं.

बसले. काल सकाळी हे गेले.

तू मनाला लावून घेशील, म्हणून सांगते. कॉम्प्युटर सुरू झाला नसता, तर मी यंत्राला हो म्हटलं असतं. मग ते वर्षानुवर्षं माझ्याकडे बघत पडून राहिले असते, आणि मला वाटलं असतं, खूश आहेत.

लाँच मिळाली की ये. तोवर वेळेवर जेव, आणि बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई