चमचाभर दही

सणसर, मंगळवार, संध्याकाळ

ओवीच्या हृदयाचा एमआरआय झालाच नाही. चार वर्षांची पोर मशीनमध्ये हलू नये म्हणून भूल देणार होते. त्यासाठी पोट रिकामं हवं, हे सासूबाईंना काल तीनदा सांगितलं. तरी पहाटे निघताना त्यांनी तिच्या हातावर दही-साखर ठेवलीच.

पुण्यात नर्सनं विचारलं, काही खाल्लंय का? मी नाही म्हणाले. ओवी म्हणाली, "आजीनं दही दिलं." झालं. आता पुढच्या महिन्यात या. हृदयातून निघणारी, जन्मापासून अरुंद असलेली तिची रक्ताची नळी किती आवळलीय, हे तोवर डॉक्टरांनाही कळणार नाही. ऑपरेशनही लांबलं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, "चमचाभर दह्यानं काय हुतंय? रिकाम्या तोंडी पोरीला कसं धाडायचं?" चमचाभर म्हणे. भुलीत तेच दही उलटून छातीत गेलं असतं तर? मी ओवीला घेऊन आत आले. बोलले असते तर थांबले नसते. त्यांचं तोंडसुद्धा बघू नये असं वाटतंय.

पण इथं तरी खरं लिहावं. गाडीत बसताना ओवीच्या ओठावर पांढरं दिसलं होतं. ते मीच पदरानं पुसलं, आणि पुण्यापर्यंत गप्प बसले.