एंटर दोनदा

२ मार्च

कॉम्प्युटरचं मशीन सुरू व्हायला आज अकरा मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली, कारण भाऊ वीस म्हणतो. प्रत्येक गोष्ट दुप्पट करून सांगायची त्याची लहानपणापासूनची खोड.

"ताई, हा डबा आता काढू या. नवीन घेऊ."

बघू म्हटलं.

"बघू बघू करत चार वर्षं गेली."

मग भावजयीने सूर लावला. "ताई, तुमच्याच डोळ्यांना त्रास होतो ना?" माझ्या डोळ्यांची हिला एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली! चष्मा फुटला होता तेव्हा आठ दिवस मी चिकटपट्टी लावून फिरत होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

३ मार्च

लिहूनच टाकते. म्हणजे डोक्यातलं चक्र थांबेल.

गणवेशांचा हा कारखाना भावाचा. पण यातला प्रत्येक पॅटर्न माझा. एकवीस वर्षं. शाळेकडून मापं येतात. मी आधी अठ्ठावीस नंबरचा शर्ट मशीनवर आखते, त्यावरून लहानमोठे सगळे नंबर काढते, मग प्लॉटरवर मोठा कागद छापते. तो कागद खाली तळघरात कटिंग मास्तरांच्या टेबलावर गेला की मग कापडाला कात्री लागते. माझ्या गुडघ्यांमुळे मी खाली उतरत नाही, कागद भावजय नेते. तेवढं मात्र न सांगता करते.

तर मुद्दा असा. डब्याच्या मागे एका लांबट खाचेत बोटभर चावी खोचलेली आहे. ती चावी असेल तरच आखणीचा प्रोग्राम उघडतो. ती करणारी कंपनी केव्हाच बंद पडली. नव्या कॉम्प्युटरला ती खाच नसते. म्हणजे नवा डबा आला की नवा प्रोग्राम आला. आणि नवा प्रोग्राम भाचीला येतो, ती त्याचंच शिकून आली आहे. मला येत नाही.

म्हणजे नवा डबा आला की मी घरी. भाऊ तोंडाने कधी म्हणणार नाही. गोड बोलून मऊ खुर्ची आणून देईल, आणि सगळे म्हणतील, बहिणीचं किती करतो.

४ मार्च

भाची दुपारी मागे येऊन उभी राहिली. कोणी मागे उभं राहिलं की माझे हात चुकतात, हे तिला माहीत आहे.

"आत्या, तू एंटर दोनदा का दाबतेस?"

म्हटलं, पहिल्यांदा दाबलं की ते जागं होतं, दुसऱ्यांदा दाबलं की ऐकतं. हसली. मग फायलींची नावं वाचत बसली. टेकडीवरच्या शाळेची फाईल "छत्रीवाली", कारण तिथल्या मुख्याध्यापिका उन्हापावसात छत्री घेऊन येतात. कालव्याजवळची "खाकरणारे". "उद्या-नक्की" म्हणजे मुलींची मोठी शाळा, त्यांनी मापं कधी वेळेवर दिलेली नाहीत.

"आत्या, हे दुसऱ्या कोणाला कसं सापडणार गं?"

सापडू नये म्हणूनच. तिला नाही सांगितलं. इथे लिहिते.

७ मार्च

दुरुस्तीवाला येऊन गेला. याला मी मनात "बघतो" म्हणते. काहीही विचारा, बघतो. डबा उघडला. आतून धुळीची गादीच्या गादी निघाली. भाऊ शेजारी हाताची घडी घालून उभा, जणू माझ्याच पोटातून काढतायत.

मी विचारलं, नवीन न घेता हाच वेगवान होईल का?

"बघतो, मॅडम." मग म्हणाला, रॅम दुप्पट करता येईल, हार्ड डिस्क काढून नव्या जातीची टाकता येईल, पॉवर सप्लायही बदलावा लागेल. चावीची खाच तशीच राहील. "पण मदरबोर्ड म्हातारा आहे. कधी मान टाकेल सांगता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर नवीन घेतलं असतं."

तो माझ्या जागी नाही. माझ्या जागी फक्त मी आहे, आणि तेही किती दिवस ते बघायचं.

१० मार्च

गेले नाही. ताप नाही, काही नाही. म्हटलं, एक दिवस बंद पडू दे सगळं, मग कळेल. दिवसभर फोनकडे बघत बसले.

एकही फोन नाही.

११ मार्च

गेले तर कालची सगळी कटिंग झालेली. कशी, विचारलं. भावजय म्हणाली, "जुने कागद होते ना ताई, त्याच्यावरच भागवलं." भागवलं! माझ्याच जुन्या कागदांवर माझ्याविना भागवलं. तरी बरं वाटलं. कागद माझेच होते.

१४ मार्च

दुपारी कारखान्यात सगळे जेवताना भडका उडाला. भाऊ म्हणाला, "एका डब्यासाठी किती दिवस तेच तेच?" मी म्हटलं, सरळ सांग ना, मी नको झालेय. ताटं तशीच राहिली. भाची उठून गेली. भावजय म्हणाली, "ताई, काहीही काय बोलता?" भाऊ बोललाच नाही. त्याचं न बोलणं मला चांगलं ओळखता येतं. लहानपणी पाटी फोडून लपवली होती तेव्हाही असाच भाजीत चमचा फिरवत बसला होता.

मला भीती वाटते. झालं, लिहिलं. मला भीती वाटते की सकाळी उठून जायला कुठेही नसेल.

१६ मार्च

भाऊ वर आला. खुर्ची ओढून बसला. "ताई, तू म्हणतेस तसं. नवीन नको. हाच सुधारून घेऊ."

मी वाद घालायच्या तयारीत होते. एवढ्या सहज कसा नमला? भावजयनेही आडकाठी केली नाही. उलट हसली.

जिंकले! आज चहा दोनदा घेतला.

१९ मार्च

"बघतो"ने सगळं बसवलं. मशीन आता चाळीस सेकंदांत सुरू होतं. चाळीस! चार वर्षं माझं आयुष्य त्या अकरा मिनिटांत चाललं होतं. पूर्वी ते उघडेपर्यंत मी दिवसभराच्या कामांची यादी लिहून काढायची. आता हात मोकळेच राहत नाहीत.

कबूल करते, मजा येते.

२० मार्च

"उद्या-नक्की"ची मापं आली. सहाशे शर्ट, आठ वेगवेगळे नंबर. दुपारपर्यंत सगळं आखून, छापून, खाली पाठवून मोकळी. पूर्वी दोन दिवस गेले असते. भाऊ म्हणाला, "वा ताई." बऱ्याच वर्षांनी म्हणाला.

२३ मार्च

नीट लिहिते.

दुसऱ्या शाळेचं आखत होते. नंबरागणिक कॉलर किती वाढवायची ती वाढ घातली (तेवढी एकच हाताने घालावी लागते, बाकीची प्रोग्राम लावतो), एंटर दाबलं. सवयीने पुन्हा दाबलं. आणि पडद्यावर रेषा दोनदा सरकली. माझ्या डोळ्यांसमोर. मशीन आता पहिल्यांदा दाबलं तरी ऐकतं, आणि दुसऱ्यांदा दाबलं तरीही ऐकतं!

"उद्या-नक्की"ची फाईल उघडली. कॉलरची वाढ दोनदा लागलेली. अठ्ठावीस बरोबर आहे, पुढे प्रत्येक नंबरला चूक वाढत गेली आहे. छत्तीस नंबरची कॉलर गळ्यापेक्षा पुरी एक इंच मोठी. लहान नंबरांत उलटं, कॉलर तोकडी. लावायला गेलं तर बसणारच नाही.

कटिंग परवाच झालं म्हणतात. शिवणही उरकलं, कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? उद्या माल निघणार.

सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर भाऊ म्हणाला असता, म्हणूनच सांगत होतो. त्याचं खरंही झालं असतं. मीच हट्ट धरून हा डबा ठेवून घेतला आणि त्यानेच माझं नाक कापलं. नाही, त्याने नाही. माझ्या बोटाने.

पण मुली ते शर्ट घालणार आहेत. उद्या सकाळी भाऊ यायच्या आत खाली उतरते. मास्तरांना सांगते. मग जे व्हायचं ते होऊ दे.

२४ मार्च

एकेक पायरी करत उतरले. मास्तरांना म्हटलं, माल थांबवा, कॉलर चुकली आहे, माझी चूक आहे. त्यांनी छत्तीस नंबरचा शर्ट काढला, गळ्याला टेप लावली, कॉलरला लावली. बरोबर. मी स्वतः लावली. बरोबर.

मास्तर टेप गुंडाळत राहिले. "ताई, तुमच्या कागदावर आम्ही कापत नाही. तुमच्या भाचीबाई त्यांच्या घरी आखून, छापून आणतात. दोन वर्षं झाली. मालक म्हणाले होते, ताईंना कळू द्यायचं नाही."

आणि माझे कागद?

"पार्सल गुंडाळायला घेतो. जाड असतो ना कागद."

वर आले. थोड्या वेळाने भाऊ आला, नव्या ऑर्डरची मापं हातात. "ताई, रॅमने फरक पडला ना गं?"

पडला, म्हटलं. आणि मापं घेतली.