घड्याळजीसाठी प्रार्थना

रविवार, ३ मे

माझ्या चिठ्ठीत घड्याळजी निघाला!

आमच्या चर्चच्या मंडळीत चौपन्न माणसं. त्रेपन्न सोडून नेमका हा. डबा पुढे आला तेव्हा मी मनात म्हटलंसुद्धा — देवा, कोणीही चालेल, तेवढा घड्याळजी नको. देवाने शेवटचा एकच शब्द ऐकला नसावा.

कल्पना पाळकांची. महिनाभर प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीतल्या माणसासाठी रोज प्रार्थना करायची, जमेल तसं गुपचूप त्याचं भलं करायचं, आणि नाव कोणाला सांगायचं नाही. घरातसुद्धा नाही. ३१ तारखेच्या सभेआधी मनं जुळावीत म्हणून हा खटाटोप. त्या सभेत घड्याळजीच्या अर्जावर मतदान आहे. मंडळीत जे 'नवे' आहेत — इस्पितळात नोकरीला आलेल्या नर्सा, गोदीवरची कुटुंबं — त्यांची उपासना वेगळी करा, दुपारी चारला, असा अर्ज. कारणं पाच, क्रमांक घालून. त्यांची गाणी लांबतात. ते सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात. मग वेळ पाळत नाहीत. आणि खंजिरी. खंजिरीला दोन क्रमांक दिलेत.

अर्ज मंजूर झाला तर पाळक जाणार. तसं त्यांनी स्पष्टच सांगितलंय. एका शरीराचे दोन तुकडे करायचे आणि दोन्हीकडे मलम लावत फिरायचं, हे त्यांना जमणार नाही. आणि माझ्या शेजारी बसणारी नर्स चारच्या उपासनेला जाणार. खंजिरी तिचीच. सहा वर्षं आम्ही एका गीतपुस्तकातून गातोय. ती सुरात, मी शेजारी.

चिठ्ठ्या मीच केल्या, चिटणीस ना मी! मीही नावं बघायची नाहीत असं ठरलेलं. म्हणून छापलेले कागद पालथे घालून कापले, न बघता घड्या घातल्या. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. न बघता हातावेगळं केलेलं हे पहिलंच काम.

चिठ्ठ्या उघडल्यावर सगळ्यांचेच चेहरे गंभीर झाले. बघून बरं वाटलं. लोक मनावर घेतायत.

सोमवार, ४ मे

प्रार्थना केली. 'प्रभू, त्याला सुबुद्धी दे.' मग वाटलं, ही प्रार्थना नव्हे, दुरुस्ती आहे. रद्द केली. दुसरं काही सुचेना. आमेन.

बुधवार, ६ मे

केक केला. आमच्या ह्यांनी विचारलं, कोणासाठी? म्हटलं, सहजच. एरवी इतक्यावर गप्प बसणारे नव्हेत, पण आज बसले.

घड्याळजीच्या दाराशी डबा ठेवून सटकायचं, असा बेत. तर उंबऱ्यावर आधीच चार डबे! एकाला तांबडी फीत. ह्याला इतके नातेवाईक कुठून आले? वळले, तर फाटकात आमची नर्स, पाठीमागे पिशवी लपवत.

"मावशी, तुम्ही इकडे?"

"पोस्टात चालले होते."

"मीपण."

पोस्ट गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोघी मुकाट्याने तिथवर चालत गेलो आणि एकेक तिकीट घेऊन परत आलो.

शनिवार, ९ मे

हे घड्याळजीच्या फाटकाशी वाकून बिजागरीला तेल घालताना दिसले! लग्नाला एकतीस वर्षं झाली. आमच्या न्हाणीघराचं दार अजून किंचाळतंय. घरी आल्यावर विचारलं तर म्हणे शेजारधर्म. घड्याळजी आमच्यापासून तीन गल्ल्या लांब राहतो.

शिवाय तेल घालणारे हे पहिले नव्हेतच. त्या फाटकात आता इतकं तेल मुरलंय की वाऱ्याने उघडतं आणि बंद म्हणून राहत नाही.

रविवार, १० मे

उपदेश आत्म्याची पारख या विषयावर. मनात उठलेली प्रत्येक ऊर्मी देवाकडूनच आली असं समजू नये, आणि नाहीच आली असंही ठरवू नये; तिला फळ काय धरतंय ते बघावं. पाळक चांगलं बोलले. दुखरी दाढसुद्धा आपल्याच तोंडातली असते, म्हणाले. सगळ्यांनी एकदम पुढच्या बाकावरच्या घड्याळजीकडे पाहिलं.

मग साक्षी, म्हणजे ज्याने त्याने उठून आपला अनुभव सांगायचा. एक बाई उठल्या — नाव सांगत नाही, पण ज्या माणसाला मी दगड समजत होते त्याच्याविषयी मला प्रीती वाटू लागलीय. मागून कोणीतरी म्हणालं, माझ्याही माणसाचं अगदी असंच! आणखी तिघांनी माना डोलावल्या. पाळकांचे डोळे भरून आले.

उपदेश वीस मिनिटांपुढे गेला की घड्याळजी खिशातल्या घड्याळाचं झाकण खटकन मिटतो. आज मिटलं नाही. आल्यापासून एकोणीस जणांनी त्याचा हात हातात घेतला होता. तो त्याच हाताचं बोट न् बोट तपासत बसला होता.

मंगळवार, १२ मे

सगळं कळलं.

मासिक पत्रकाचे पत्ते छापायला संगणक उघडला. चिठ्ठ्यांचा कागद तसाच होता. चौपन्न चौकटी, चौपन्न चौकटींत घड्याळजी.

अक्षराचा आकार कसा दिसतो ते बघायला यादीतलं पहिलं नाव पहिल्या चौकटीत घातलं होतं. मग 'सगळीकडे असंच' हे बटण दाबलं. आकार सगळीकडे गेला, आकाराबरोबर नावही गेलं! पुढची त्रेपन्न नावं घालायची राहिलीच. पस्तीस वर्षं लोकांच्या काना-मात्रा पकडल्या, आणि इथे अख्खी मंडळी सुटली.

म्हणजे दहा दिवस चौपन्न माणसं एकाच माणसासाठी गुडघे टेकतायत. ते सगळे डबे. ते तेल. आमचे हे!

ह्यांना सांगितलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले. मग एकदम हसू थांबलं. हे घड्याळजीला कळलं तर? आपली थट्टा झाली असंच तो समजणार. मग अर्जाला सहावं कारण मिळेल.

गुरुवार, १४ मे

पाळकांना सांगायला गेले. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलू लागले — बाई, मंडळीत असा वारा मी वीस वर्षांत पाहिला नाही, हे नक्की पवित्र आत्म्याचं काम. मी म्हटलं, हो. चहा घेतला. आणखी अर्धा कप घेतला. परत आले.

शनिवार, १६ मे

घड्याळजी आमच्याकडे आला. पहिल्यांदाच. खुर्चीच्या टोकावर बसला, टोपी गुडघ्यावर. हे त्याला बघताच उशी आणायला धावले.

"चिटणीसबाई, तुम्ही सरळ बोलता म्हणून तुमच्याकडे आलो. मला काय झालंय?"

मी म्हटलं, काही नाही.

"सगळे असंच म्हणतात. ती खंजिरीवाली नर्स परवा माझ्याकडे आली आणि बसून रडली. इस्पितळात असते ती. तिने काहीतरी पाहिल्याशिवाय रडेल का?"

डॉक्टरकडेही जाऊन आला होता. डॉक्टर आमच्याच मंडळीतला. तपासून म्हणाला, ठणठणीत आहात. आणि मग फाटकापर्यंत पोचवायला आला. "माणूस धडधाकट असेल तर डॉक्टर खुर्चीतून उठतो का, सांगा?"

ह्यांनी आणलेली उशी त्याने पाठीशी घेतली आणि आणखीच खचला.

रविवार, १७ मे

खंजिरीच्या गाण्यात घड्याळजीने टाळी वाजवली. एकच. पण वाजवली.

बुधवार, २० मे

गोदीवाल्या म्हाताऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ त्याने दुरुस्त करून दिलं म्हणे. जुन्या मंडळींतल्या एकाशी नऊ वर्षं अबोला होता, त्याच्याकडे जाऊन माफी मागून आला. मरणाच्या तयारीला लागलाय बिचारा.

माझा लोभ बघा. मनात काय आलं — अकरा दिवस गप्प राहायचं फक्त! भ्यालेला घड्याळजी अर्ज मागे घेईल. पाळक राहतील, नर्स राहील. सुंठीवाचून खोकला जाईल. मी खरं सांगितलं तर तो बरा होणार, आणि मंडळी आजारी पडणार.

आत्म्याचं काम की प्रिंटरचं? पाळक म्हणाले होते, फळ बघा. फळ तर झाडभर लागलंय. पण माणसाला मरणाची भीती घालून पिकवलेलं फळ देवाच्या ताटात कसं वाढायचं?

रविवार, २४ मे

आजही बोलले नाही. त्याने मृत्युपत्र करायला घेतलंय असं ह्यांना कळलं. हे घुटमळत म्हणाले, "वाईट माणूस नाही गं तो." त्यांना कसं माहीत हे मी विचारलं नाही.

सोमवार, २५ मे

सांगून आले.

घड्याळजी खिडकीशी कामाला बसला होता, डोळ्याला भिंग. मी उभ्या उभ्याच सगळं ओकले — चौकट, बटण, चौपन्न नावं. त्याने भिंग काढलंच नाही. बोलून संपलं तेव्हा खण उघडून एक चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. माझीच छपाई. त्याचंच नाव.

त्या दिवशी त्यानेही चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घातला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मला वाटलं, मुद्दाम दिलीत. दुसऱ्या कोणावर माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ यायला नको म्हणून."

म्हटलं, चूक नावाची झाली, पण केक ज्याने त्याने आपापल्या हाताने केला होता.

"तुमचा मधे कच्चा होता," म्हणाला. मग भिंग काढत, "म्हणजे मी मरत नाही."

"नाही."

"बरं."

अर्जाचं विचारलं. तो पुन्हा घड्याळावर वाकला. रविवारी सभेत काय ते बघू, एवढंच म्हणाला.

शुक्रवार, २९ मे

घड्याळजी रस्त्यात दिसला. ताठ चालत होता. हा काही आता अर्ज मागे घेत नाही.

रविवार, ३१ मे

मतदान झालंच नाही. घड्याळजी उठला आणि माझी चूक त्यानेच सगळ्यांना सांगितली, क्रमांक घालून. असा हशा झाला की पाळकांना बाक धरावा लागला. हशा ओसरेपर्यंत तो उभाच राहिला.

"म्हणजे महिनाभर तुमच्यापैकी कोणासाठी कोणीच प्रार्थना केलेली नाही," म्हणाला. "मी केली. माझ्या चिठ्ठीत माझंच नाव. स्वतःसाठी किती मागणार? मंडळीची यादी काढली. चार तारखेपासून, रोज सकाळी सातला, दोघं दोघं."

मग नर्सकडे वळला. "तुम्ही त्या दिवशी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे असं सांगून रडलात, मला वाटलं रडताय माझ्यासाठी. पण ऑपरेशन कसं झालं ते कळलं नाही. तुम्ही चारला येऊ लागलात तर मला सांगणार कोण?" अर्ज त्याने घडी करून खिशात टाकला.

दाराशी मी त्याला गाठलं. तोच म्हणाला, "यादीत तुम्ही अगदी शेवटी. काल एकट्याच उरला होता. तरी वेळ पुरला नाही."