खांबापलीकडचं बेट

इतवारी, नागपूर
१९ जानेवारी

प्रिय दीप्ती,

शेजारचा पियुष उद्याच्या विमानानं पोर्ट ब्लेअरला निघतोय. त्याच्या हाती हे पाकीट देते आहे. फोनवर रोज बोलतो आपण, पण तुझ्यामागे दवाखान्यातली रजतची खाट असते आणि मला धड शब्द सापडत नाहीत. इथली काळजी करू नकोस. सुभद्राकाकूंच्या सोबतीला मी इथेच राहते आहे, त्यांचं बीपी ठीक आहे. मला जेवू घालताना मात्र त्या, तुझ्या सासूबाई, दर वेळी म्हणतात, "तू होती म्हून वाचला वं माहा रजत," आणि मी अर्ध्या ताटावरून उठते.

त्या दिवसाचं तुला तुकड्यातुकड्यांनी कळलंय. कासवांच्या त्या अभयारण्यात इंजिनाची बोट न्यायला बंदी आहे, म्हणून आमच्या वनखात्यानं शिडाची होडी घेतली. ती चालवायला रजतचं नाव मीच सुचवलं होतं. अंबाझरी तलावावर एनसीसीत आम्ही शीड सांभाळायला बरोबरच शिकलो, पण वारा कळायचा तो त्यालाच. बेटाजवळ पाणी इतकं नितळ होतं की तळाच्या प्रवाळाच्या रांगा दिसत होत्या. रजतनं त्यांच्या बाहेर, खोल पाण्यात नांगर टाकला आणि मी वल्ह्यांची डोंगी घेऊन एकटी किनाऱ्यावर गेले. परवानगी दोन पांढऱ्या खांबांमधल्या वाळूपुरती, तीही दुपारी तीनपर्यंतच.

अडीचला कासवांच्या घरट्यांची गणती संपली आणि खांबापलीकडे मला एक माग दिसला. ट्रॅक्टर गेल्यासारखा रुंद. एवढ्या मोठ्या कासवाची त्या बेटावर आजवर नोंद नव्हती. माझी पहिलीच मोहीम होती, दीप्ती. मी खांब ओलांडला. माग टेकडीला वळसा घालून गेला होता, मीही गेले. अंडी पुरलेली जागा सापडली, फोटो काढले, मापं घेतली. परतले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. ओहोटी लागलेली, वारा समोरून, प्रवाळावर लाटा फुटत होत्या. दोनदा डोंगी पाण्यात घातली, दोनदा लाटेनं ती वाळूत आणून टाकली.

रजतनं ते पाहिलं. नांगर उचलून त्यानं प्रवाळातल्या अरुंद वाटेनं होडी आत घातली. मी दोन्ही हात हलवून त्याला नको म्हणत होते. कडाडून आवाज झाला, होडी कलंडली. तिला ढकलायला तो पाण्यात उतरला आणि त्याचा पाय होडी आणि खडकाच्या मधे सापडला. फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडेच ती अडकली होती, म्हणून मला पोचता तरी आलं. शिडाच्या दोरीनं त्याची मांडी आवळून बांधली, वायरलेसवरून तटरक्षक दलाला हाक दिली आणि दोन तास त्याचं डोकं धरून बसले.

चौकशीत रजत म्हणाला, चूक माझी, मी होडी उगाच जवळ नेली. मी खांब ओलांडल्याचं लपवलं, म्हणाले, माझ्या वायरलेसला सिग्नल मिळत नव्हता. आता प्रवाळ मोडल्याबद्दल त्याच्यावर खटला होणार, होडी चालवायचा परवाना जाणार. परवा तू रडत विचारलंस, "काहून नेली वं त्यानं होडी तितक्या जवळ? त्याले तर सारं समजते." मी रजतच्या औषधांचं विचारून फोन ठेवला.

सिग्नल होता, दीप्ती. तीन वाजता त्याचा आवाज स्वच्छ आला, "मिनल, वारा फिरून राहिला, निघ आता." सव्वातीनला पुन्हा. तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा मी वायरलेस बंद केला. नंतर मदत मागायला तोच चालू करताना रजतनं पाहिलं. तशा कळांतही म्हणाला, "हे कोणाले सांगू नको. माह्या पायाचं झालं ते झालं, तुह्यी नोकरी काहून घालवते?" मी त्याचं ऐकलं. बारा दिवस ऐकलं. आज सकाळी खरा जबाब लिहून खात्याकडे पाठवला आहे. संध्याकाळी काकूंना सांगेन, मग त्या ठेवतील तोवरच इथे राहीन. माफी मागायचं अजून धाडस होत नाही. खात्याचं पत्र तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी हे माझ्या अक्षरात तुझ्या हातात असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझीच,
मिनल