हलणारा दात

४ फेब्रुवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

पवनचक्कीचं नवं पातं चाचणीच्या हॉलमध्ये चढवलं. आता त्याला तडा जाईपर्यंत यंत्रावर हलवत राहायचं. तडा कुठे जातो ते कळलं, की पुढचं पातं समुद्रावरच्या वाऱ्याला पुरून उरेल. उन्हाळा संपेपर्यंतचं काम आहे.

पण लक्ष लागत नाही. भिंगरी हल्ली रविवारी फोनवर येतच नाही. कधी पोट दुखतं, कधी गृहपाठ. सात वर्षांच्या पोरीला एवढा कसला गृहपाठ? पोरच परकी होणार असेल, तर पातं कोणीही हलवो. सोडून यावं म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?

तुमचा,
धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उ. आ.

पत्र सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काम पुरं करूनच या; तोंड पाडून घरात बसलेला नवरा तिला नको. माझंही मत तेच.

पंप दुरुस्त करत मी हे दुकान उभं केलं ते कानांच्या जोरावर. पंप उघडण्याआधी ऐकायचं. तर काल भिंगरी बाहुलीला बजावत होती, बाबाला काही सांगू नकोस, तो लगेच दुरुस्त करायला बसतो. खोदून विचारलं. मैत्रिणीने कट्टी घेतली म्हणाली, तर तू उपाय सांगत सुटलास. दात हलतोय म्हणाली, तर तो कसा पाडायचा ते सांगितलंस. तिला दात पाडायचा नव्हता रे, हलतोय एवढंच सांगायचं होतं.

लेका, पोरीलाही यंत्रावर चढवलंस की. तोंडाला कुलूप घाल. नुसतं ‘हं’ म्हण, फार तर ‘मग?’ एवढंच विचार.

सूनबाईचा राग नाही, काळजी आहे.

तुझा,
बाबा

२२ फेब्रुवारी

ती. बाबांस, शि. सा. न.

काम सोडत नाही. पोरीलाही सोडत नाही.

खरं सांगायचं तर फोन मी हॉलमधूनच करायचो, एक डोळा पडद्यावरच्या आकड्यांवर ठेवून. आता रविवारची पाळी बदलून घेतली. प्रमुख बाई कुरकुरल्या. त्यांना म्हटलं, पातं सोमवारीही हलेल, दात तोवर पडून जाईल. त्या हसल्या आणि सही केली.

तिला फोनपर्यंत आणणं तुमच्याकडे लागलं. पुढचं मी बघतो.

तुमचा,
धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक उ. आ.

बाबा काही दुरुस्त करणार नाही अशी हमी दिली, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी फोन हातात घेतला. फोन स्पीकरवर होता, दार उघडं होतं; मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात होता. तू मध्येच दोनदा खोकलास. उपाय गिळत होतास, ते मला इथे कळलं. तिलाही कळलं, खुदकन हसली.

मग तिने तुझ्या पात्याची चौकशी केली. तडा भलत्याच ठिकाणी गेला, सगळं पहिल्यापासून, असं तू सांगितलंस. मला वाटलं, ही आता दप्तरातला डिंक देऊ करणार. पण नाही. खुर्चीवर मांडी घालून बसली, हं म्हणाली, आणि जरा थांबून तिने विचारलं, मग?

त्यानंतर बराच वेळ तूच बोलत होतास.

काम पुरं कर आणि ये. इथे सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, तुझा इथे राहू दे.

तुझा,
बाबा

ता. क. दात अजून हलतो आहे. उपाय कळवू नये.