मथळ्यापुढचे तीन ठिपके

आई,

तुला हे सांगायचे तर आधी माझ्या कॉम्प्युटरवरची एक सोय समजावून द्यावी लागेल, आणि ती तू राखायचीस त्या बंगल्यावरूनच सांगितलेली बरी. लिहिण्यासाठी मी बऱ्याच वर्षांपासून एक साधा टेक्स्ट एडिटर वापरतो. त्यात बटणांची गर्दी नाही, चित्रे नाहीत. पांढरा पडदा आणि काळी अक्षरे, एवढेच. मात्र मजकुराचे भाग पाडून प्रत्येक भागाला मथळा दिला, की एक कळ दाबताच त्या भागाची घडी होते. मथळा तेवढा दिसत राहतो आणि त्याच्यापुढे तीन ठिपके येतात. आत मजकूर आहे, सध्या मिटलेला आहे, असा त्या ठिपक्यांचा अर्थ. पुन्हा कळ दाबली की भाग उघडतो. लोणावळ्याला भुशीच्या रस्त्यावरच्या त्या बंगल्यात मालक मंडळी मुंबईला परतली, की तू वरच्या साऱ्या खोल्यांना कड्या घालून खालच्या स्वयंपाकघरात आमचा संसार मांडायचीस, तसेच हे समज. घर सगळे जागेवर असते. वापरात असते तेवढेच दार उघडे.

मागच्या दिवाळीत ताई म्हणाली, "पोरांना आजी म्हंजी भितीवरचा फोटू. तू रोज कंपनीचं काय काय लिवत असतोस, मग आईचं लिव की." मी हो म्हटले. काम अंगावर घेतले की ते शिस्तीत करायचे, ही माझी सवय तुला ठाऊक आहे; तळेगावच्या कारखान्यात हिशेबाचा विभाग सांभाळताना ती वाढली, कमी झाली नाही. पहिल्याच दिवशी मी मथळे लिहून काढले. तुझे माहेर. वडील गेल्यानंतरचे वर्ष. बंगला. शेगडी. आमच्या शाळा. टाकव्याला ताईच्या घरी. आणि सर्वांत शेवटी, आवणीचा दिवस. पहिले सहा भाग मी रोज थोडे थोडे लिहीत गेलो. सातव्याची मात्र मी घडी घातली, आणि ती टिकेल कशी याच्या मागे लागलो.

कारण या एडिटरची एक खोड आहे. सगळे भाग एकदम उघडणारी एक कळ त्यात असते, आणि ती दाबली की सरसकट सारे उघडे पडते. मला तसे नको होते. बाकीचे भाग उघडावेत, मी ते वाचावेत, दुरुस्त करावेत. हा एक मथळा मात्र मी त्याच्यावर जाऊन मुद्दाम उघडल्याखेरीज उघडू नये. मी त्याची माहितीपुस्तिका वाचली. सेटिंगच्या फाइलमध्ये ओळी लिहिल्या, चुकल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. अखेर युक्ती सापडली. मथळ्याच्या शेवटी एक ठरावीक खूण लावायची, आणि ती खूण असलेला भाग सरसकट आज्ञेला दाद देणार नाही अशी व्यवस्था करायची. सुट्टीचे कितीतरी दिवस यात गेले. एकदा चहा ठेवायला आलेली तुझी सून पडद्याकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "आईंचं लिहिताय, की नुसतं उघडझाप करताय?" मी म्हणालो, "लिहितोच आहे." तिने कप माझ्या हाताजवळ सरकवला आणि ती गेली. तिला उत्तर पटले नव्हते, आणि पटावे असे ते नव्हतेही.

'शेगडी' हा भाग लिहिताना मात्र माझा हात भरभर चालला. लोणावळ्याच्या पावसात बंद खोली म्हणजे बुरशीला आमंत्रण. तू पाळी ठरवली होतीस. आज दिवाणखाना, उद्या पाहुण्यांची खोली, परवा जिन्यावरची. दार-खिडकी उघडायची, गाद्या उभ्या करायच्या, पेटलेली शेगडी मध्यभागी ठेवायची आणि भिंतींचा घाम सुकेपर्यंत तिथे बसायचे. मालक येणार असोत वा नसोत. मी तेव्हा आठवीत असेन. तू मला मागच्या बाजूची वरची खोली उघडून यायला पाठवतेस. मी जिन्यात बसून पुस्तक वाचतो आणि थोड्या वेळाने खाली येतो. तू भाकरी थापते आहेस. माझ्याकडे न बघता विचारतेस, "उगडलीस का?"

"हो."

"खिडकी?"

"दोन्ही उघडल्या."

भाकरी तव्यावर टाकून तू म्हणतेस, "त्या खोलीला येकच खिडकी हाय." आणि मग, आवाज न चढवता, "शेगडी घे. चल वर. वास जाईस्तवर हालायचं न्हाई." मी त्या खोलीत दुपार काढली. मालकांच्या लोकरी कोटावर पांढरी साय धरावी तशी बुरशी आली होती. तो कोट तू माझ्याच हातून पुसून घेतलास. संध्याकाळी वर आलीस ती पदराखाली रताळे घेऊन. निखाऱ्यात पुरलेस, काळे झाल्यावर फोडलेस आणि मोठा अर्धा भाग मला दिलास. तू म्हणालीस, "बंद खोलीलाच जास्त बगावं लागतं रं." ते मी जसेच्या तसे लिहिले आहे.

आता आवणीचा दिवस. तू आजारी होतीस आणि टाकव्याला ताईच्या मागच्या खोलीत होतीस. माझ्या घरी नेण्याचे बोलणे दोनदा झाले आणि जिना, ओल, आमच्या दोघांच्या नोकऱ्या अशा कारणांनी ते पुढे गेले. कारणे खरी होती, म्हणूनच ती हाताशी आली. त्या दिवशी ताईकडे भाताची आवणी होती. घरातली सगळी माणसे चिखलात रोपे लावायला शेतावर जाणार, म्हणून तुझ्याजवळ बसायला मी रजा काढून आलो. पुढच्या आठवड्यात ऑफिसात तपासनीस येणार होते, त्यामुळे पिशवीत कागदही घेऊन आलो. तू झोपलेली होतीस. तुला आवाज नको म्हणून मी दार लोटून घेतले आणि पुढच्या ओटीवर बसून मालाच्या नोंदी जुळवू लागलो.

काही वेळाने आतून तुझा आवाज आला. "कोन हाय रं भायेर?"

आई, मी तो ऐकला. स्पष्ट ऐकला. माझे बोट रकान्याच्या मध्यावर होते, उठलो असतो तर सुरुवातीपासून करावे लागले असते. एवढा रकाना संपला की जातो, असे मी मनाशी म्हणालो. रकाना संपला, पुढच्या पानावर त्याचाच उरलेला भाग होता, तोही संपवला. मग दार उघडले तर तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. झोपलीस असे मी ठरवले. 'आई' एवढा एक शब्द मी उच्चारू शकलो असतो. दार पुन्हा लोटले. ताई परतल्यावर तिने केलेला चहा घेऊन मी निघालो. पुढच्या रविवारी येतो असे सांगितले होते. त्या रविवारच्या आतच ताईच्या घरून फोन आला. तू मला मारलेली ती शेवटची हाक, आणि तीत माझे नावही नव्हते, कारण बाहेर कोण आहे हे तुला माहीत नव्हते. इतकी वर्षे मी स्वतःला एवढा एक आधार देत आलो.

सहा भाग पूर्ण झाले तेव्हा ताई म्हणाली, छापून आण, मी आधी वाचते, मग पोरांना देऊ. मी फाइल छापायला टाकली. ऑफिसातला कोणताही कागद दोनदा तपासल्याशिवाय मी पुढे सरकवत नाही. त्या दिवशी मी पाने नुसती सरळ केली, टाचली आणि टाकव्याला नेऊन दिली. शेवटचे पान पाहिले नाही. पाहिले नाही म्हणण्यापेक्षा पाहायचे टाळले, असे लिहिणे अचूक होईल.

पंधरवड्याने पुन्हा गेलो तेव्हा ताई ओट्यावर पावटे सोलत बसली होती. चष्मा कपाळावर, पाने शेजारी, ती वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेला अडकित्ता.

"खिडकीचं बेस लिवलंस," ती हसत म्हणाली. "मला सांगितलं हुतं तिनं. लय हसली हुती तवा. म्हनली, खोटं बोलाय बी खोली बगून यावं लागतं, ह्याला तेवढाबी दम न्हाई." मीही हसलो. मग तिने शेवटचे पान काढून माझ्यापुढे धरले. "आन् हे? वर 'आवणीचा दिवस', आन् खाली कायबी न्हाई."

पानावर खरोखर तेवढीच एक ओळ होती. मला कारण लगेच कळले. मी लावलेली ती खूण छापतानाही पाळली जाते. खूण असलेल्या भागाचा मथळा छापायचा, आतला मजकूर गाळायचा, असा त्या एडिटरचा नियम आहे. मी ताईला ते समजावू लागलो. खूण म्हणजे काय, घडी कशी राहते, छपाईच्या वेळी काय होते, सगळे क्रमवार. ती पावटे सोलत ऐकत राहिली.

"म्हणजे छापताना मशीनने गाळलं, ताई."

"लय शानं मशीन हाय तुझं, सायेब. एवढं समदं छापलं आन् नेमकं तेवढंच गाळलं."

तिने एक शेंग मोडली, दाणे सुपात टाकले आणि खाली बघतच बोलली. "तुला वाटतं मला ठाव न्हाई. त्या दिशी मी चिखलाच्या पायानं आत गेले तर आई जागीच. मी म्हनलं, अगं तो भायेरच हाय की, हाक मारायची न्हाई का. तर म्हनली, मारली येकदा. मग कागदाचा आवाज आला. त्योच हाय म्हनली. करतोय काम, करू दे."

मी विचारले, "रागावली होती का?"

"न्हाई. तेच तर." तिने सूप झटकले. "लिवायचं तर लिव, न्हाईतर वरचं नाव बी काढ. आईच्या नावाच्या कागदाव आशी मोकळी जागा बरी दिसत न्हाई. पोरं इचारतील, हितं काय हुतं म्हनून." आणि मी उठलो तेव्हा, "पावटं घिऊन जा. वयनींना आवाडत्यात."

परतताना पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. तुला कळले होते. कोण आहे ते कळले होते, आणि म्हणून तू दुसरी हाक मारली नाहीस. माझा जो एक आधार होता, तो ताईने पावटे सोलता सोलता काढून घेतला, आणि तिने तो काढून घेतला हे योग्यच केले. इतकी वर्षे तिने तो माझ्याकडे राहू दिला होता, हेही मला तेव्हाच समजले.

घरी येऊन फाइल उघडली. त्या मथळ्यावर गेलो आणि कळ दाबली. आता तुला ते सांगतो, जे मी ताईला सांगितले नाही, तिच्यापुढे त्या नियमाचे एवढे विवेचन करूनही नाही. मशीनने गाळावे असे आत काही नव्हतेच. या एडिटरमध्ये रिकाम्या मथळ्यापुढे ठिपके येत नाहीत. खाली एखादे तरी अक्षर असावे लागते. मी सुरुवातीलाच त्या मथळ्याखाली एक पूर्णविराम टाकून ठेवला होता, ठिपके दिसावेत म्हणून. इतक्या खटपटीने मी जे बंद ठेवत होतो ते एवढेच होते. रोज फाइल उघडली की शेवटी ते तीन ठिपके दिसायचे आणि मला वाटायचे, लिहिलेले आहे, फक्त मिटलेले आहे. त्या खोलीला एकच खिडकी होती, हे तू मला एकदा दाखवून दिले होतेस. ही खोली तर मी पाहिलीही नव्हती.

तो पूर्णविराम पुसून त्याच्या जागी मी तुला हे लिहिले आहे. तुला लिहिणे सोपे गेले, कारण तू वाचणार नाहीस. वाचायचे आहे ते ताईने, आणि छापायला टाकण्याआधी मथळ्याच्या शेवटची ती खूण काढावी लागेल. दोन क्षणांचे काम आहे. आत्ता फाइल जतन करताना माझे बोट सवयीने त्याच कळीवर गेले आणि घडी पडली. मथळ्यापुढे तीन ठिपके आले आहेत. खूण मी अजून काढलेली नाही. या वेळी ठिपक्यांच्या आत काही आहे, एवढाच काय तो फरक.